फक्कीनं आखलेलं स्वयंपाकघर

सरांकडे काही मागितलं की ते लगेच हो म्हणायचे. समोरच्याचं वाक्य पुरतं व्हायच्या आत. आणि एकदा हो म्हटलं की ते काम अशा झपाट्यानं अंगावर घ्यायचे, की मागणाऱ्याला आपण मुळात काय मागितलं होतं हेच आठवेनासं व्हायचं. शाळेत खेळ शिकवण्यात त्यांची उभी हयात गेली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी सगळी गल्ली त्यांना सरच म्हणायची. बायकोसुद्धा चारचौघांत सर म्हणायची आणि घरात अहो. गळ्यातली शिट्टी मात्र काही निवृत्त झाली नव्हती. ती अंघोळीच्या वेळेपुरती खुंटीवर जायची आणि अंग पुसून झालं की पुन्हा गळ्यात यायची.

एका सकाळी त्यांच्यापुढे चहाचा कप ठेवत बायको म्हणाली, "अहो, दादा परदेशी चाललाय, कायमचा. आई एकटी पडेल. मी म्हणत होते, तिला आपल्याकडे..."

"आणायचं," सर म्हणाले. "त्यात विचारायचं काय? मागच्या अंगणात एक खोली वाढवू. आणि तुझं स्वयंपाकघर तरी कुठं धड आहे? तेही त्याच्याबरोबर नवं करून टाकू. प्लॅन मी करतो."

बायकोनं उरलेलं वाक्य चहाबरोबर गिळलं. त्या वाक्यात समोरची खोली होती.

घर तसं साधं होतं. शेजारच्यांच्या भिंतीला भिंत लावून उभं, रुंदीला कमी, लांबीला भरपूर. रस्त्याकडे तोंड करून पहिली खोली, मग हॉल, मग झोपायची खोली आणि तिच्याशेजारी बाथरूम, सगळ्यात मागे स्वयंपाकघर आणि त्याच्यामागे मोकळं अंगण. पहिली खोली म्हणजे घरातली सगळ्यात चांगली खोली. सकाळचं ऊन तिथंच यायचं, रस्त्यावर उघडणारी मोठी खिडकी तिलाच होती. ही खोली सरांची होती. तिच्यात कपाटभर कप आणि ढाली होत्या, जाळीच्या पिशव्यांत कोंबलेले फुटबॉल होते, कोपऱ्यात टेकवलेला एक भाला होता, तारा निघालेल्या रॅकेट्स होत्या, आणि या सगळ्यांतून उरलेल्या जागेत एक खुर्ची होती. सर रोज तिथं जाऊन बसायचे. बसून काय करायचे, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

स्वयंपाकघर या खोलीच्या अगदी उलट होतं. ओटा शेजाऱ्याच्या भिंतीला टेकलेला, त्यामुळे खिडकीचा प्रश्नच नाही. उरलेल्या जागेत टेबल आणि टेबलावर शिलाईमशीन. बायको गल्लीतल्या निम्म्या लोकांचे कपडे शिवायची. एका बाजूला कांदा परतायचा आणि दुसऱ्या बाजूला पँटला टीप घालायची, असा तिचा दिवस. बँकेतल्या एका साहेबांनी एकदा नवी कोरी पँट परत आणून दिली होती. ती घालून मीटिंगला बसलं की शेजारच्यांना भूक लागते, अशी त्यांची तक्रार होती.

प्लॅन करायचा म्हणजे आधी निरीक्षण करायला हवं, असं सरांचं मत पडलं. त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकलं, हातात स्टॉपवॉच घेतलं आणि बायकोचा सगळा स्वयंपाक सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितला. मधूनमधून ते कागदावर बाण काढत होते.

"तुझी हालचाल फार वाया जाते," शेवटी ते म्हणाले. "तेलासाठी तिकडे गेलीस, परत आलीस, आणि मग मिठासाठी पुन्हा तिकडेच. एकाच फेरीत दोन्ही आणता आलं असतं."

"वाया नाही जात. जाता-येता मी विचार करते."

"कसला?"

"कशाकशाचा."

कागदावर यासाठी कुठला बाण काढायचा ते सरांना सुचेना. त्यांनी तो मुद्दा सोडून दिला.

प्लॅन कागदावर नीट काढून द्यायला त्यांनी आर्किटेक्ट शोधली तीही आपलीच विद्यार्थिनी. धावताना तिला दम लागायचा, म्हणून सरांनी शाळेत तिला कायम बाकावर बसवून सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळायला लावलं होतं. सरांच्या हे लक्षातही नव्हतं. तिच्या मात्र पक्कं लक्षात होतं. आता तिचं स्वतःचं ऑफिस होतं, हाताखाली माणसं होती आणि बांधकामावर ती गेली की भलेभले ठेकेदार विडी विझवायचे. पण सरांच्या दारात पाऊल टाकलं की तिचे हात आपोआप पाठीमागे जायचे आणि पाय जुळायचे.

तिनं सगळं घर फिरून पाहिलं. पहिल्या खोलीच्या दारात ती जरा जास्त वेळ थांबली.

"सर, या खोलीचं काय करायचं?"

"ही खोली सोडून बोल."

"हो सर."

मग सरांनी आपला प्लॅन सांगितला. आताचं स्वयंपाकघर मागे सरकवून मोठं करायचं, आणि त्याच्याही पलीकडे, अंगणाच्या पार टोकाला सासूबाईंची खोली काढायची. तिथं रस्त्याचा आवाज नाही, माणसांची वर्दळ नाही, शांतता मिळेल. ओट्याच्या समोर फ्रिज, फ्रिजच्या शेजारी सिंक, सगळं हाताशी. बायकोला एक पाऊलही उचलावं लागू नये.

आर्किटेक्टनं तोंड उघडलं, मिटलं, आणि "हो सर" म्हणाली. दारापर्यंत पोचवायला बायको गेली, तेव्हा ती हळूच म्हणाली, "काकू, हे जमणार नाही हो."

"मग सांग की त्यांना."

"तुम्ही सांगा ना."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि विषय तिथंच संपला.

कागद तयार झाला. मिस्त्री आला, त्यानं तो कागद उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला की पाया खणायच्या आधी जमिनीवर आखणी करावी लागेल, माणूस पाठवतो. सरांचा चेहरा उजळला. आखणीसाठी बाहेरचा माणूस? त्यांनी आयुष्यभर मैदानं आखली होती. धावायच्या मार्गिका, गोळाफेकीचं वर्तुळ, फुटबॉलची चौकट, सगळं त्यांच्या हातचं. माळ्यावर जुन्या फक्कीची अख्खी गोणी पडून होती.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर येईपर्यंत सरांनी दोरी ताणून, त्या पांढऱ्या भुकटीनं अंगणात सगळं घर काढलं. नुसत्या भिंती काढून मिस्त्रीचं काम भागलं असतं, पण सर थांबले नाहीत. ओटा काढला, सिंक काढलं, शेगडीच्या जागी गोल काढले, दारं कुठल्या बाजूला उघडतील त्याच्या कमानी काढल्या, सासूबाईंचा पलंग काढला आणि पलंगावर उशीसुद्धा काढली. मग कमरेवर हात ठेवून पाहिलं. त्यांना वाटलं, इतकं सुबक मैदान आपण शाळेतही कधी आखलं नव्हतं.

"आईंना बोलाव," ते बायकोला म्हणाले. "त्यांची खोली त्यांना प्रत्यक्ष दाखवू."

आता सासूबाईंविषयी थोडं सांगायला हवं. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. ज्या काळात फोन लावायचा तर आधी ऑपरेटरला सांगावं लागायचं, त्या काळात अख्ख्या गावाचं बोलणं त्यांच्या हातातून जायचं. लग्नाआधी सरांनी त्यांच्या लेकीला केलेला प्रत्येक फोन त्यांनीच जोडून दिला होता. त्या फोनवर सर काय काय बोलले होते, याबद्दल त्यांनी आजवर चकार शब्द काढला नव्हता, आणि नेमकं हेच सरांना सगळ्यात जास्त टोचायचं. त्या 'जावईबापू' म्हणून हाक मारायच्या तेव्हा त्या हाकेमागे जुन्या फोनची घरघर आपल्याला ऐकू येते, असं त्यांना वाटायचं.

सासूबाई आल्या, काठी टेकत अंगणात गेल्या आणि पांढऱ्या रेषेशी थांबल्या.

"दार कुठंय?"

"हे काय, इथं," सर म्हणाले आणि त्यांना रस्ता दाखवायला लगबगीनं पुढे झाले.

"जावईबापू, तुम्ही आत्ता भिंतीतून गेलात."

सरांनी खाली पाहिलं. त्यांचा बूट खरोखरच भिंतीवर होता. ते निमूट मागे फिरले आणि दारातून आत आले. त्यानंतर त्या दिवशी कुणीही भिंतीतून गेलं नाही. आर्किटेक्ट कागदांची गुंडाळी घेऊन आली, तीही रेषेरेषेनं वळसा घालून दारातून आली आणि सरांच्या ओळीत उभी राहिली.

"आता तालीम करू," सर म्हणाले. "रंगीत तालीम. म्हणजे हे किती सोयीचं आहे ते सगळ्यांना कळेल." त्यांनी पलंगाच्या जागी सासूबाईंसाठी खुर्ची ठेवली. ओट्याच्या जागी लाकडी खोकी मांडली, त्यावर घरातली छोटी शेगडी आणून ठेवली, सिंकच्या जागी टब ठेवला. सगळं झालं. राहता राहिला फ्रिज.

"फ्रिज कसा आणायचा?" बायको म्हणाली. "तुम्हीच उभे राहा."

"मी?"

"उंचीला बरोबर आहात. हात आडवा करा, तो दरवाजा."

सरांना नकार सुचला नाही. ते फ्रिजच्या चौकोनात जाऊन ताठ उभे राहिले आणि उजवा हात पोटाशी दुमडून घेतला. बायकोनं शेगडी पेटवली, पातेलं चढवलं, बटाटे चिरायला घेतले. मग मागे वळून तिनं त्यांच्या कोपराला धरून हात उघडला. हात थेट तिच्या पाठीमागच्या शेगडीवर गेला.

"भाजलं," सर म्हणाले.

"फ्रिज बोलत नाही," बायको म्हणाली.

तेवढ्यात सासूबाई खुर्चीतून उठल्या. "मला बाथरूमला जायचंय."

"खरंच?" सरांनी विचारलं.

"तालीम आहे ना? म्हातारी माणसं याच कामाला जास्त उठतात. कुठून जाऊ?"

जायला एकच वाट होती. शेगडी आणि फ्रिज यांच्या मधून. बायकोनं पातेलं उतरवलं, अंग चोरलं, फ्रिजनं पोट आत घेतलं आणि सासूबाई काठी टेकत मधून गेल्या. बाथरूमच्या दाराला हात लावून परत आल्या. बायकोनं पुन्हा पातेलं उतरवलं. सासूबाई खुर्चीत टेकल्या, टेकल्या तशा उठल्या आणि पुन्हा निघाल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा बटाटे अर्धे कच्चे आणि अर्धे करपलेले झाले होते आणि काठीच्या टोकानं सिंकची एक बाजू पुसली गेली होती.

आर्किटेक्ट जमिनीकडे बघत उभी होती. तिचे खांदे हलत होते. ती रडतेय की हसतेय ते सरांना फ्रिजच्या जागेवरून कळेना, आणि मान वळवायची परवानगी नव्हती.

सासूबाई आता खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. बराच वेळ त्या नुसत्या कान देऊन होत्या.

"इथं काही ऐकू येत नाही गं," त्या लेकीला म्हणाल्या.

"शांत आहे ना. यांनी मुद्दाम तुझ्यासाठी टोकाला काढलीय."

"शांतता कुणी मागितली होती? एक्स्चेंजमध्ये शांतता झाली की आम्ही धावत सुटायचो, लाइन तुटली म्हणून. घरात कोण आलं, कोण गेलं, कुणाचं भांडण लागलं, काही कळणार नाही मला. माणूस गेलं की नाही तेवढंच बघायला तुम्ही इथपर्यंत येणार."

"असं नको बोलूस."

"मग काय बोलू? तुझी समोरची खोली काय वाईट आहे? खिडकी रस्त्यावर, बाथरूम जवळ, कुणाच्या पायात यायला नको. तू त्यांना सांगत का नाहीस?"

दोघी अगदी मोकळेपणानं बोलत होत्या. माणूस एकदा फ्रिज झाला की बायकांना त्याचं भान राहत नाही, असं सरांना वाटलं. खरं तर भान दोघींनाही होतं.

"त्या खोलीत त्यांचं आयुष्य आहे, आई," बायको म्हणाली.

"आयुष्य कसलं? हवा गेलेले चेंडू आहेत."

सरांनी तोंड उघडलं. बायकोनं न बघताच चाकू किंचित वर केला, आणि ते मिटलं.

"आणि सांगायचं म्हणशील तर," ती बटाट्याकडे बघत म्हणाली, "यांना काही सांगायचं म्हणजे मोठं जोखमीचं काम. नाही म्हणणारा नवरा असता तर भांडून तरी पदरात पाडून घेतलं असतं. हे लगेच हो म्हणतात. मी एकदा म्हटलं, पाठ दुखते, तर दुसऱ्या दिवसापासून मला पहाटे मैदानावर नेऊन पळवायला लागले. मला नुसती उंच खुर्ची हवी होती. तेव्हापासून मी मागताना आधी शंभरदा विचार करते आणि मग मागतच नाही."

शेगडीची ज्योत फरफर करत होती. सरांनी हात हळूहळू खाली घेतला, फ्रिजच्या चौकोनातून बाहेर आले आणि दारातूनच, भिंतीला न शिवता, घरात निघून गेले.

ते गेले ते थेट पहिल्या खोलीत. दार लावून घेतलं. त्यांना राग आला होता आणि तो नेमका कुणाचा आला होता ते ठरत नव्हतं, म्हणून त्यांनी चेंडूंचा राग धरला. हवा गेलेले म्हणे. त्यांनी कोपऱ्यातून पंप शोधून काढला, जाळीच्या पिशवीतून एक फुटबॉल ओढला आणि हवा भरायला बसले. चेंडू फुगला, टुमदार दिसला, आणि जमिनीवर ठेवताच सुस्कारा टाकून बसला. दुसरा घेतला, तो तर फुगायलाच तयार नव्हता. तिसऱ्याच्या शिवणीतून हवा अशी शिट्टी वाजवत निघाली की सरांचा हात नकळत आपल्या गळ्याकडे गेला.

दमून ते खुर्चीत टेकले. खिडकी उघडी होती. बाहेरून शेजारची काकू कुणाला तरी सांगत होती, की सरांच्या अंगणात सकाळपासून कसलं तरी नाटक बसवतायत आणि सर त्यात खांबाचं काम करतायत. कोपऱ्यावरचा सायकलवाला गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होता. पोस्टमन आला, त्यानं खिडकीतून हात घालून पत्र दिलं आणि जाता जाता पलीकडच्या घरात पाळणा हलल्याची बातमीही देऊन गेला. सर इतकी वर्षं या खुर्चीत बसत होते, पण खिडकीकडे पाठ करून आणि कपांकडे तोंड करून. आज चेंडूच्या नादात खुर्ची फिरली होती.

ते बराच वेळ ऐकत बसले. मग उठून त्यांनी पिशवी रिकामी केली आणि राहिलेले चेंडू एकेक करून पंपाला लावले. इकडे अंगणात तिघींनी करपलेले बटाटे निवडून निवडून खाल्ले. सर रुसले आहेत की झोपले आहेत, यावर तिघींचं एकमत होत नव्हतं.

ऊन कलल्यावर सर बाहेर आले. घामानं डबडबलेले, शर्टाला धूळ लागलेली, आणि काखेत एक चेंडू. त्यांनी तो जमिनीवर आपटला. चेंडू उसळून त्यांच्या हातात परत आला.

"यात हवा राहते," ते सासूबाईंना म्हणाले. "आधी एवढं सांगून ठेवतो. सगळेच गेलेले नाहीत."

"नाहीत," सासूबाईंनी मान्य केलं.

"आणि समोरची खोली तुमची."

बायकोच्या हातातली ताटली हातातच राहिली. "अहो, पण तुमचं सामान..."

"ते बघू," सर म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण पुन्हा वाक्य मध्येच तोडलं. ते घुटमळले. "बोल. तू काय म्हणत होतीस?"

बायकोला इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे तिला चटकन काही आठवेना. "तुमचं सामान माळ्यावर ठेवू, एवढंच म्हणत होते," ती म्हणाली.

मग जे झालं ते सगळ्यात अनपेक्षित होतं. आर्किटेक्ट पुढे झाली, तिनं सरांच्या पायाशी सकाळपासून पडलेला फक्कीचा डबा उचलला आणि म्हणाली, "सर, जरा मागे व्हा."

सर मागे झाले.

"आणखी मागे. तुम्ही सिंकमध्ये उभे आहात."

तिनं पायातली चप्पल काढली आणि पायानंच सासूबाईंची खोली पुसली, पलंग, उशी, सगळं. ओटा पुसला. फ्रिजचा चौकोन पुसताना तिनं जरा जास्तच जोर लावला, असं सरांना वाटलं. मग ती बायकोकडे वळली. "काकू, आता खोली नाही, म्हणजे अंगणाचा बराच भाग वाचतोय. सांगा, तुम्हाला स्वयंपाकघरात काय हवंय?"

"मला काय... जे बसेल ते."

"बसवायचं माझ्याकडे लागलं. हवंय काय?"

बायको विचारात पडली. सर तिला मदत करायला आतुर झाले होते. त्यांच्याकडे निदान पाच-सहा उत्तरं तयार होती. त्यांनी चेंडू पोटाशी घट्ट धरला आणि ती सगळी आतल्या आत दाबली.

"दार," शेवटी ती म्हणाली. "ओटा आणि माझं मशीन यांच्या मध्ये एक दार. मशीनपाशी खिडकी, सुई ओवताना उजेड लागतो. आणि दार लावलं की कपड्यांना कांद्याचा वास यायला नको." ती थांबली. मग एकदम तिला बोलायला जोर आला. "ओटा थोडा उंच कर, मला वाकावं लागतं. फ्रिज लांब असला तरी चालेल, मी जाईन चालत. आणि सगळं असं अंगाबरोबर नको कातरूस. चारी बाजूंनी जरा माया सोड."

"माया?" सरांनी विचारलं.

"शिलाईतली माया," बायको म्हणाली. "कापड बेतताना कडेला जास्तीचं सोडतात ना, ती. माणूस जाड होतं, बारीक होतं, मग उसवून पुन्हा घालता येतं. तुमच्या प्लॅनमध्ये कुठंच माया नव्हती. मी थोडी जाड झाले असते तर तुमच्यात आणि शेगडीत अडकून बसले असते."

सासूबाई काठीवर हनुवटी टेकून हसल्या. सरही हसले, पण जरा उशिरा.

आर्किटेक्टनं आखायला घेतलं. तिच्या रेषा सरांच्यासारख्या सरळ नव्हत्या. एका ठिकाणी तर भिंत चांगलीच डुलत गेली. सरांना राहवेना. "दोरी लाव," ते म्हणाले.

"सर," ती वर न बघता म्हणाली, "बाटल्या सांभाळा."

हे काय बोलणं झालं, ते सरांना कळलं नाही. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, पाण्याची एकच बाटली होती, ती उचलून ते बाकड्यावर जाऊन बसले. आर्किटेक्ट मात्र त्यानंतर जी हसत सुटली ती काम संपेपर्यंत.

पुढे मिस्त्री आला. नवी आखणी पाहून म्हणाला, आता कसं घर वाटतंय, आधीचं म्हणजे डबेवाल्याचा डबा होता. त्याला आधीची आखणी कुणाची ते माहीत होतं की नाही, हे समजायला मार्ग नव्हता. पाया खणला, भिंती चढल्या. धूळ इतकी झाली की बायकोनं शिवलेल्या प्रत्येक कपड्याला करडी झाक आली आणि गिऱ्हाइकांना वाटलं की हल्ली असाच रंग चालतो. चूल हॉलमध्ये, भांडी पलंगाखाली, असा संसार चालला. सर रोज बांधकामावर हजर असायचे. सुरुवातीला त्यांनी मिस्त्रीच्या चुकीवर शिट्टी मारून पाहिली, पण मिस्त्री दर शिट्टीला काम थांबवून चहा मागू लागला. त्यावर शिट्टी खुंटीवर गेली आणि तिथंच राहिली.

पहिली खोली रिकामी करायला मात्र त्यांना वेळ लागला. कप शाळेला, रॅकेट्स भंगारात, भाला माळ्यावर. आपण हे सगळं कुणासाठी जपत होतो, असं कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं, म्हणून त्यांनी ते काम दुपारी सगळे झोपल्यावर एकट्यानंच केलं. एकच कप ठेवला. तो खरं तर बऱ्यापैकी किरकोळ होता, तिसऱ्या क्रमांकाचा, पण त्यात सासूबाईंचा चष्मा चांगला बसायचा.

सासूबाई राहायला आल्या आणि आठवडा उलटायच्या आत त्यांनी अख्खी गल्ली ओळखीची केली. खिडकीशी खुर्ची टाकून बसायच्या. मुलीकडे येणारं गिऱ्हाईक आधी त्यांच्यापुढून जायचं, कुणाची पँट झाली, कुणाची उद्या मिळेल, हे त्याच सांगायच्या. एकदा त्यांनी सरांना जवळ बोलावलं.

"जावईबापू, एक विचारू?"

इतकी वर्षं ज्याची भीती होती ते आता येणार, असं सरांनी धरलं. "विचारा."

"ती कोपऱ्यावरची सायकलवाल्याची सून माहेरी गेलीय की भांडून गेलीय?"

"मला काय ठाऊक?"

"मग काढा ठाऊक करून. तुम्ही चालता-फिरता आहात."

सर तेव्हापासून संध्याकाळी फिरायला जाताना कान उघडे ठेवू लागले. परत आल्यावर खिडकीशी थांबून सासूबाईंना बातम्या द्यायच्या, हा त्यांचा नेमच झाला. फोनचा विषय कधीच निघाला नाही.

नवं स्वयंपाकघर तयार झालं त्या दिवशी आर्किटेक्ट मुद्दाम आली. ओटा चकचकीत, भिंती कोऱ्या, कशाला हात लावायचा धीर होईना. बायकोनं सगळ्यांसाठी चहा टाकला आणि तेवढ्यात सासूबाईंना मशीनच्या खोलीतली खिडकी बघायची लहर आली, सरांना दार लावून उघडून पाहायचं होतं, आर्किटेक्टला कडी नीट बसलीय का ते तपासायचं होतं. बायकोही त्यांच्यामागे गेली. सगळे आत गेल्यावर सरांनी दार लावलं आणि खरंच पलीकडचं काही येईना, ना वास, ना आवाज.

दार उघडलं तेव्हा चहा उतू जाऊन सगळ्या ओट्यावर पसरला होता, ओट्यावरून खाली ओघळला होता, आणि कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर हातभर लांब तपकिरी डाग पडला होता.

सरांनी श्वास घेतला. आर्किटेक्टनं डोळे मिटले. बायको मात्र सावकाश पुढे गेली, शेगडी बंद केली आणि त्या डागाकडे थोडा वेळ बघत राहिली. सकाळपासून ती ओट्याला पदराचं टोकसुद्धा लागू देत नव्हती. आता तिनं कमरेला खोचलेलं फडकं काढलं, ओटा खसाखसा पुसला आणि तेच ओलं फडकं बिनदिक्कत नव्या नळावर वाळत टाकलं.

"झालं एकदाचं," ती म्हणाली. "बसा सगळे. अर्धा अर्धा कप होईल."